डावीकडची खुर्ची

शाळेतली मुलं तिला पियानोबाई म्हणत. गायनाच्या तासाला तिचा दरारा असा, की मागच्या बाकावर कुणी बेसूर झालं तर मागे न वळता ती त्याचा बाक सांगायची. पण याच पियानोबाईसमोर पंधरावीस मोठी माणसं खुर्च्या मांडून बसली, की तिच्या पोटात गोळा यायचा. हात गार पडायचे, तळवे ओले व्हायचे, आणि कार्यक्रमाआधी ती इतक्या वेळा बाथरूमकडे पळायची, की नवरा म्हणायचा, "पियानो तिकडेच हलवू का?"

घरी मात्र ती वाजवायला बसली की जिन्यातून जाणारी माणसं थबकून ऐकत. लोकांपुढे तीच बोटं परक्याची व्हायची. सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणे, दीर्घ श्वास घे. कुणी म्हणे, समोर माणसं नाहीतच, कोबीचे गड्डे मांडलेत असं समज. तिने समजून पाहिलं, पण गड्डे खोकत नाहीत आणि घड्याळ बघत नाहीत. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तिला सवय व्हावी म्हणून त्याने एकदा दुकानातली गिऱ्हाइकं घरी आणून सोफ्यावर बसवली. गिऱ्हाइकं चहा पिऊन, छान झालं म्हणून निघून गेली आणि तिला ताप भरला.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एका संगीत मंडळाचे रविवारी दुपारी कार्यक्रम होत. मंडळाचे चिटणीस निवृत्त स्टेशनमास्तर होते. सुटायची वेळ झाली की कार्यक्रम सुटलाच पाहिजे, मग कलाकार चढला असो वा नसो, असा त्यांचा खाक्या. त्यांनी तिला वाजवायला बोलावलं. नाही म्हणायचंही धैर्य नसल्यामुळे ती हो म्हणाली.

पाठ असलं तरी ती नोटेशनचं पुस्तक समोर ठेवूनच वाजवायची. दोन्ही हात गुंतलेले, तेव्हा पानं उलटायला शेजारी कुणीतरी हवं. ते काम ताईंनी आपण होऊन अंगावर घेतलं.

ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं, भावाच्याच घरात पलीकडच्या खोलीत राहायच्या आणि पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला जायच्या. सगळा जन्म कागदात गेलेला. गठ्ठा अंगठ्याखालून फर्रकन सोडला, की एक कागद कमी आहे का जास्त, हे त्या न मोजता सांगायच्या. कारखान्यात नवीन माणूस आलं की त्याची परीक्षा ताईच घ्यायच्या. डोळे मीट, आणि चिमटीत एक कागद आहे का दोन ते सांग. संगीतातलं मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. भावजयीसाठी त्या कामापुरतं नोटेशन वाचायला शिकल्या.

"सूर नाही कळत गं मला," त्या म्हणायच्या, "पण ओळ कळते. बाईसाहेब कुठल्या ओळीवर आहेत, तेवढं कळलं की मला पुरे."

पानं उलटणाऱ्याची खुर्ची पियानोच्या डावीकडे, जरा मागे. आवाज न करता उठायचं, पानाचा वरचा कोपरा धरून थांबायचं, वाजवणाऱ्याची मान हलली की उलटायचं आणि बसायचं. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. पानं उलटणारं माणूस लोकांच्या लक्षात राहिलं, तर त्याचं काहीतरी चुकलं असं खुशाल समजावं. ताई कुणाच्याच लक्षात राहायच्या नाहीत, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान होता!

त्या रविवारी तिने सुरुवात बरी केली. ओल्या हातांनी का होईना, पहिली दोन पानं पार पडली. तिने मान हलवली, ताईंनी पान उलटलं, त्या खाली बसल्या. नव्या पानाच्या दोन ओळीही नीट झाल्या. तिसऱ्या ओळीत डावा हात लांब उडी घेऊन खालच्या सुरांवर जातो, त्या जागी तिच्या मनात आलं, आता चुकणार. आणि हात पडला तो भलत्याच पट्ट्यांवर. उजवा हात थांबला. सगळं थांबलं. कानात नुसता सुंऽऽ आवाज. समोरचं पान दिसत होतं, पण त्यावरचं एक अक्षर लागत नव्हतं.

त्या क्षणी तिने जे केलं, ते तिने ठरवून केलं नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. तिने कपाळाला आठी घालून पानाच्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि मग ताईंच्या हाताकडे.

ताईंचं धाबं दणाणलं. त्या उठल्या, त्यांनी पान मागे उलटलं, मग पुढे केलं, मग पुन्हा चाचपून पाहिलं. त्या गडबडीत किती पानं गेली नि किती आली, ते त्यांचं त्यांनाच कळेना. एवढ्या अवधीत हिला जागा सापडली आणि ती पुढे वाजवायला लागली. शेवट तर फारच सुरेख झाला.

कार्यक्रमानंतर लोक तिच्याभोवती जमले. चिटणीस म्हणाले, "काय धीर म्हणायचा तुमचा! दुसरं कुणी असतं तर उठून गेलं असतं. पानं चिकटली होती वाटतं?"

ती काही बोलायच्या आत ताईच पुढे झाल्या. चेहरा पांढराफटक पडलेला. "माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "दोन पानं एकदम गेली असणार. कसं झालं देव जाणे."

आता बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, तेही काही फार लांब नव्हतं. पण सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे असं कुणी बघत होतं. तिने ताईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे ताई. होतं असं."

म्हणजे तिने ताईंना माफ केलं. सगळ्यांसमोर, हसून, मोठ्या मनाने माफ केलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तिने वर्गात किती मुलांना ऐकवली होती त्याचा हिशेब नाही. पण अंगणाला माफ करणारी नर्तकी कुणी पाहिली नसेल.

पुढच्या कार्यक्रमाला ती जायला निघाली आणि तिच्या लक्षात आलं, की आज आपण बाथरूमकडे गेलोच नाही. पियानोपुढे बसली तर हात गरम. ती वाजवत गेली. एका ठिकाणी सूर निसटतो की काय असं वाटलं, आणि लगेच मनात आलं, निसटला तर निसटला. डावीकडे खुर्ची आहे, खुर्चीवर ताई आहेत. एवढा विचार आला की बोटं मोकळी व्हायची. श्वासाने जे जमलं नाही, कोबीच्या गड्ड्यांनी जमलं नाही, ते या एका खुर्चीने जमवलं. नंतर एकदा खरोखरच चुकली, अगदी जराशी, आणि तिची मान पुन्हा डावीकडे वळली. या वेळी मात्र आपोआप वळली असं तिला म्हणता आलं नाही.

लोक म्हणायला लागले, पियानोबाईंमध्ये काय फरक पडलाय! किती आत्मविश्वासाने वाजवतात! शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिला स्टाफरूममध्ये विचारलं, "रहस्य काय?" ती म्हणाली, "सराव."

घरी दोन पानांचा विनोद झाला होता. नवरा आल्यागेल्याला सांगायचा, "आमची ताई एका वेळी दोन पानं वाचते, एवढी हुशार!" ताईही हसायच्या. पण एक दिवस त्या भावाच्या दुकानात जाऊन बसल्या आणि डोळे तपास म्हणाल्या. नंबर जेमतेम बदलला होता. तरी त्यांनी हट्टाने नवा चष्मा करून घेतला. तो घालून घरात आल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरापासून मिठाच्या बरणीपर्यंत सगळं वाचून दाखवलं.

"आता नाही हं गफलत व्हायची, बाईसाहेब," त्या म्हणाल्या.

तिने मान खाली घालून कणीक मळत असल्यासारखं केलं. कणीक केव्हाच मळून झाली होती.

चष्म्यावर थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ताईंच्या खोलीचं दार संध्याकाळी उघडं असायचं, आणि पियानोच्या स्टुलावरून ते सरळ दिसायचं. ताई खुर्चीच्या पाठीला एक जुनं मासिक टेकवून ठेवायच्या. शेजारी दुसरी खुर्ची. तिच्यावर बसायचं, उठायचं, कोपरा धरायचा, थांबायचं, उलटायचं, बसायचं. उलटलेलं पान पुन्हा चिमटीत धरून बघायचं, एकच आहे ना. मासिक संपलं की पहिल्यापासून. कारखान्यातली रबरी टोपी अंगठ्यावर चढवून बघायच्या, मग काढून टाकायच्या, मग पुन्हा चढवायच्या. ज्या अंगठ्यावर जन्म काढला, त्या अंगठ्यावर त्यांचा आता भरवसा उरला नव्हता. कारखान्यातही त्या प्रत्येक गठ्ठा दोनदा मोजायला लागल्या होत्या. काम मागे पडायचं. नव्या माणसांची परीक्षा घेणं त्यांनी सोडून दिलं होतं. "मी कोण घेणार?" असं त्या जेवताना म्हणाल्या, आणि नवरा घास तोंडात ठेवून बहिणीकडे बघत राहिला.

तिला आता सगळं कळत होतं. तिची भीती गेलीच नव्हती. ती उठून डावीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली होती, एवढंच.

ती काय करायची? वाजवणं थांबवायची, उठायची, स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायची आणि एक कप ताईंच्या खोलीत नेऊन ठेवायची. "दमलात ताई, चहा घ्या," म्हणायची. ताई म्हणायच्या, "किती गं करतेस माझं!" खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही. तिचा घसा इतका खवखवायचा की स्वतःचा चहा तिला गिळवत नसे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पियानो, पुन्हा उघडं दार, पुन्हा चहा. सांगायचं उद्यावर. उद्याला तरी काय, तो रोज येतो आणि रोज उद्याच असतो.

मंडळाचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला. बाहेरगावचे पाहुणे येणार होते, आणि मुख्य वादन तिचं. चिटणीस घरी आले, खुर्चीच्या काठावर बसले, आणि घसा साफ करून म्हणाले, "या खेपेला पानांचं काहीतरी वेगळं बघावं म्हणतो. आता यंत्रं आली आहेत. पडद्यावर नोटेशन दिसतं, पायाने बटण दाबलं की पान बदलतं. ताईंना उगाच ताण कशाला?"

ताई पाण्याचा पेला घेऊन दारातच उभ्या होत्या. तिला वाटलं, आता त्यांना राग येईल. आला असता तर बरं झालं असतं.

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाल्या. "मीच सांगणार होते. माझ्या हाताचा काही नेम राहिला नाही." आणि पेला टेबलावर ठेवून त्या आत गेल्या. पेला ठेवताना पाणी सांडलं होतं.

चिटणीस गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. ताई वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. ती समोर बसली, चार शेंगा सोलल्या, आणि खाली मान घालून म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही पान बरोबरच उलटलं होतं. मी चुकले होते."

"पुरे गं."

"खरं सांगते. तिसऱ्या ओळीत चुकले मी. पान तर केव्हाच उलटून झालं होतं. दोन पानं गेली असती तर पहिल्याच ओळीला कळलं नसतं का?"

ताईंचे हात थांबले. मग त्यांनी नवा चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे पाहिलं. "मग तू माझ्याकडे तसं का बघितलंस?"

"घाबरले होते."

"आणि सगळ्यांपुढे म्हणालीस, असू दे ताई, होतं असं. ते काय, खोटं बोललीस?"

"हो."

ताई हसल्या. डोळ्यांत पाणी आणून हसल्या. "अगं वेडे! मला बरं वाटावं म्हणून स्वतःला खोटारडी म्हणवून घेतेस? असली भावजय मिळायला भाग्य लागतं." आणि वाटाण्याने भरलेल्या हातांनी त्यांनी तिचा गाल कुरवाळला.

तिला तो हात झटकून ओरडावंसं वाटलं. खोटं बोलली तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. खरं बोलली तर चांगुलपणा पदरात पडला, तोही जास्तीचा.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो दुकान बंद करून आला होता, बूट काढत होता. एक बूट हातात तसाच धरून तो ऐकत राहिला.

"मग मी तिला चष्मा कशाला दिला?" तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आणि मी विनोद करत हिंडलो."

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"तिला वाटेल, तू सांगायला लावलंस." त्याने बूट खाली ठेवला. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण. पण संन्यासीच म्हणतोय, की चोर मीच. आता काय करणार? जिथे झालं तिथेच निस्तरायला पाहिजे हे."

जिथे झालं तिथे. ती दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेली आणि चिटणिसांना म्हणाली, "यंत्र नको. ताई बसतील. आणि त्या दिवशी जे वाजवलं होतं तेच मी वाजवणार आहे."

"तेच? पण त्यातच तर..."

"ताई नसतील तर मीही नाही."

चिटणिसांनी गाडी चुकलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं आणि कार्यक्रमपत्रिकेत नाव घातलं. ताईंना तयार करायला त्याहून जड गेलं. "माझ्यामुळे तुझा पुन्हा विचका होईल," असं म्हणत म्हणत त्या शेवटी भावाच्या आग्रहाखातर तयार झाल्या, आणि मासिकं उलटण्याचा सराव त्यांनी दुप्पट केला.

तिचा बेत साधा होता. सुरुवातीलाच लोकांकडे तोंड करून सांगायचं आणि मग वाजवायला बसायचं. वाक्य तिने पाठ केलं होतं. आरशासमोर, भांडी घासताना, शाळेच्या रस्त्यावर म्हणून पाहिलं होतं. रविवार उजाडला तसे तिचे हात गार पडले. दुपारपर्यंत बाथरूमच्या चार फेऱ्या झाल्या. नवऱ्याने नोटेशनची पिशवी भरून दाराशी ठेवली.

हॉल गच्च भरला होता. पुढच्या रांगेत पाहुणे, कडेला चिटणीस घड्याळ हातात घेऊन. ती पियानोपाशी उभी राहिली, लोकांकडे बघून वाकली, तोंड उघडलं. शब्द फुटेना. समोर सगळे कौतुकाने बघत होते. आत्मविश्वासाने वाजवणाऱ्या पियानोबाई! ती खाली बसली. भित्री ती भित्रीच, असं स्वतःला म्हणाली आणि वाजवायला लागली.

पहिलं पान. दुसरं पान. हात ओले, बोटं घसरत होती. तिने मान हलवली. ताई उठल्या, कोपरा धरला, अंगठ्याने चाचपला, पुन्हा चाचपला, आणि पान उलटलं. एकच पान. स्वच्छ, नीट, बिनआवाज. ताई बसल्या.

पहिली ओळ झाली. दुसरी ओळ झाली. तिसऱ्या ओळीत डाव्या हाताची ती उडी आली आणि हात पुन्हा भलत्याच पट्ट्यांवर पडला.

कुणीतरी खोकलं. तिची मान डावीकडे वळायला लागली. मानेला ती वाट चांगलीच माहीत झाली होती. पण त्याआधीच तिला दिसलं, की ताई उठल्यासुद्धा आहेत. तिने पाहण्याची वाटही त्यांनी बघितली नव्हती. त्यांचा हात पानाकडे निघाला होता, चूक आपल्याकडे घ्यायला, आणि सगळ्या हॉलची नजर त्या हातावर होती.

तिने तो हात मनगटाशी धरला.

"पान बरोबर आहे, ताई," ती म्हणाली.

मग ती उठून उभी राहिली. पाठ केलेलं वाक्य आठवेना, म्हणून आलं तसं बोलली. "माझं चुकलं. आत्ता चुकलं, आणि मागे हेच वाजवलं तेव्हाही इथेच, याच ओळीत माझंच चुकलं होतं. ताईंनी तेव्हाही एकच पान उलटलं होतं. मी... मी त्यांच्याकडे बघितलं, म्हणून तुम्हाला वाटलं. मी वाटू दिलं. त्यानंतरही वाटू दिलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. असल्या बोलण्याला टाळ्या द्यायच्या का नाहीत, हे कुणालाच ठरवता येईना. चिटणिसांनी घड्याळ खिशात टाकलं. ताई उभ्याच होत्या. आत्ता त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं.

ती खाली बसली. "दुसऱ्या ओळीपासून घेते," असं ताईंना हळूच म्हणाली, आणि घेतलं. तिसऱ्या ओळीतली उडी या वेळी जमली. पुढे आणखी एक सूर निसटला. ती थांबली नाही आणि तिने कुठेही पाहिलं नाही. हात अजून गारच होते, तरी वाजत होतं. तिची मान हलली की ताईंचा हात यायचा, पान उलटायचा आणि जायचा. न चाचपता. शेवटच्या पानापर्यंत एकदाही त्यांनी कोपरा दुसऱ्यांदा धरला नाही.

टाळ्या बऱ्या पडल्या. एका पाहुण्याने जवळ येऊन सांगितलं, "एवढ्या लोकांपुढे असं बोलायला फार आत्मविश्वास लागतो हो." या शब्दाचा तिला उबग आला होता.

घरी जाताना नवरा नोटेशनची पिशवी घेऊन मुद्दाम पुढे चालला होता. ऊन उतरलं होतं, दुकानं बंद होती. ताई तिच्या बाजूने चालत होत्या. चौक ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, "मी खोलीत ती मासिकं उलटत बसायचे."

"हो."

"दार उघडं असायचं माझं."

"हो, ताई."

"पियानोवरून दिसायचं तुला?"

"दिसायचं."

"एखाददुसऱ्या वेळी दिसलं असेल."

इथे मान डोलावली असती तरी निभावलं असतं. ताईच सोडवत होत्या तिला.

"रोज," ती म्हणाली. "रोज दिसायचं."

ताई चालायच्या थांबल्या. त्यांनी नवा चष्मा काढला, मिटला, मुठीत धरला. "आणि चहा आणून द्यायचीस मला," त्या म्हणाल्या. "दमलात ताई, म्हणायचीस." त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्या पान उलटण्याचं काही नाही गं. घाबरतं माणूस. पण तो चहा!"

पुढे त्या भावाच्या बरोबरीने चालत गेल्या, आणि ती मागून एकटी.

घरी आल्यावर ताई खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत ते दार दिवसाउजेडी कधी बंद झालेलं नव्हतं. नवऱ्याने एकदा त्या दाराकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे, आणि तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

ती स्वयंपाकघरात गेली. सवयीने चहाचं भांडं हातात घेतलं. ते हातात धरून बराच वेळ उभी राहिली आणि मग तसंच परत जागेवर ठेवून दिलं. रिकाम्या हातांनी ती दारापाशी आली. आतून काही ऐकू येत नव्हतं, कागदाचा आवाजसुद्धा नाही.

काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. समोर एक बंद दार होतं आणि आत एकच माणूस, तरी पोटात गोळा आला होता. हात गार पडले होते, तळवे ओले झाले होते. तिने ते साडीला पुसले आणि दार वाजवलं.